आधी माहिती, मग माल!

सीमेवरील ट्रकसाठी इलेक्ट्रॉनिक कस्टम्स प्रणाली कशी घडली, कशी तपासली गेली

विशेष प्रतिनिधी

मुंबईच्या वेशीवरील जकात वसुली ३० जून २०१७ च्या मध्यरात्री थांबली आणि १ जुलैपासून वस्तू व सेवा कर लागू झाला. मुलुंड, दहिसर किंवा वाशीच्या नाक्यावरील ट्रकच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना एक गोष्ट नक्कीच आठवत असेल. त्या रांगा मालामुळे कमी आणि कागदांमुळे अधिक लागत. ट्रक नाक्यावर येऊन उभा राही, मग चालक किंवा दलाल कागद घेऊन खिडकीपाशी जाई, मग कारकून तो कागद वाचून आकारणी करी. माल पुढे आणि माहिती मागून, असा तो वरातीमागून घोडे नेण्याचा प्रकार होता.

हा नाका एका शहराच्या वेशीवर नसून दोन देशांच्या सीमेवर असला, तर प्रश्न कितीतरी पटींनी गंभीर होतो. तेथे केवळ कर वसूल करायचा नसतो. ट्रकमध्ये खरोखर काय आहे, तो कोणी पाठविला, तो चालविणारा कोण आणि त्याला देशात येऊ द्यावे काय, हे सारे ठरवायचे असते. आणि ते ठरविण्यासाठी अधिकाऱ्याच्या हाती बहुधा मिनिट-दोन मिनिटेच असतात. ही अडचण दूर करण्यासाठी अमेरिकेने कॅनडा आणि मेक्सिकोच्या सीमांवर ट्रकसाठी जी इलेक्ट्रॉनिक प्रणाली उभारली, तिची घडण आणि चाचणी समजून घेण्यासारखी आहे. सरकारी संगणकीकरणात काय साधते आणि काय फसते, या दोन्हींचे धडे त्या एकाच प्रकल्पात सापडतात.

पुलावर अडकलेले कारखाने

अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातील ‘नाफ्टा’ हा मुक्त व्यापार करार १ जानेवारी १९९४ रोजी अमलात आला. १ जुलै २०२० पासून त्याची जागा नव्या त्रिपक्षीय कराराने घेतली आहे. या करारामुळे तिन्ही देशांतील उद्योग एकमेकांत गुंतत गेले. अमेरिकेतील डेट्रॉइट आणि कॅनडातील विंडसर या शहरांना जोडणारा ॲम्बेसेडर पूल १९२९ मध्ये वाहतुकीस खुला झाला. दोन्ही देशांतील मालव्यापाराचा सुमारे चौथा हिस्सा या एकाच पुलावरून होत आला आहे. त्यात मोठा वाटा मोटारींच्या सुट्या भागांचा. एका तीरावर इंजिनाचे भाग बनतात, दुसऱ्या तीरावर जुळणी होते. कारखान्यांनी गोदामे ठेवणे जवळजवळ बंद केले होते. लागेल तेव्हा, लागेल तेवढाच माल ट्रकने यायचा, अशी त्यांची पद्धत. पुलावरील ट्रक हेच जणू त्यांचे गोदाम झाले होते.

११ सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर सीमेवरील तपासणी एकाएकी कडक झाली, तेव्हा या व्यवस्थेतील कच्चा दुवा उघडा पडला. ट्रकच्या रांगा मैलोन्‌मैल लांबल्या, कित्येक तासांचा खोळंबा झाला आणि सुटे भाग न पोहोचल्याने काही मोटार कारखान्यांना उत्पादन थांबवावे लागले. तपासणी सैल करावी तर सुरक्षेला धोका, घट्ट करावी तर उद्योग बंद. या पेचातून वाट काढण्यासाठी १२ डिसेंबर २००१ रोजी अमेरिका आणि कॅनडा यांनी ‘स्मार्ट बॉर्डर’ घोषणापत्रावर सह्या केल्या. त्यामागील सूत्र सोपे होते. ज्यांची माहिती आधीच हाती आहे आणि ज्यांच्याविषयी शंका नाही, त्यांना झटपट सोडावे आणि अधिकाऱ्यांचा वेळ संशयास्पद मालासाठी राखून ठेवावा. मात्र त्यासाठी ट्रक पुलावर येण्यापूर्वी त्याची माहिती अधिकाऱ्यापर्यंत पोहोचणे आवश्यक होते.

ट्रकच का अवघड?

अमेरिकेच्या २००२ च्या व्यापार कायद्याने सर्व प्रकारच्या मालवाहतुकीची माहिती इलेक्ट्रॉनिक पद्धतीने आगाऊ देण्याची तरतूद केली. त्यानुसार डिसेंबर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमांत प्रत्येक वाहतुकीसाठी निराळी मुदत ठरविण्यात आली. रेल्वेने येणाऱ्या मालाची माहिती किमान दोन तास आधी, विमानाच्या मालाची सर्वसाधारणपणे चार तास आधी. समुद्रमार्गे कंटेनरमधून येणाऱ्या मालासाठी तर परदेशी बंदरात माल जहाजावर चढण्यापूर्वी २४ तास हा दंडक होता. ट्रकसाठी मात्र मुदत ठरली केवळ एक तासाची, आणि ‘फास्ट’ या विश्वासू वाहतूकदारांसाठीच्या योजनेतील ट्रकना अर्ध्या तासाची.

ही सवलत मेहेरबानीपोटी मिळालेली नव्हती. जहाज समुद्रात अनेक दिवस असते, त्यामुळे कागद तपासायला सवड मिळते. विंडसरमधील कारखान्यातून निघालेला ट्रक मात्र काही मिनिटांत पुलाच्या टोकाशी येतो. जहाज कंपन्या मोजक्या आणि मोठ्या असतात. ट्रकच्या धंद्यात हजारो ट्रकची मालक असलेली कंपनीही असते आणि एकाच ट्रकचा मालक स्वतःच चालकही असतो. त्यात आणखी एक गुंतागुंत असते. एका ट्रकमध्ये अनेकदा डझनावारी व्यापाऱ्यांचा माल भरलेला असतो. त्यातील एकाचा कागद चुकला, तरी संपूर्ण ट्रक अडकतो. बाकीच्यांचा काही दोष नसताना त्यांचाही माल उन्हातान्हात उभा राहतो. त्यात भाजीपाला किंवा मासळी असेल, तर नुकसान किती, हे सांगायला नको.

ई-मॅनिफेस्टची वाट

मॅनिफेस्ट म्हणजे वाहनातील मालाची तपशीलवार यादी. जहाजांच्या काळापासून चालत आलेली ही यादी आता संगणकावरून पाठवायची, एवढाच वरवर पाहता बदल. प्रत्यक्षात तीत तीन स्वतंत्र घटकांची माहिती एकत्र येते.

पहिला घटक वाहतूकदार. प्रत्येक वाहतूक कंपनीला दोन ते चार इंग्रजी अक्षरांचा सांकेतिक क्रमांक घ्यावा लागतो. प्रत्येक मालपाठवणीला ती स्वतःचा एक क्रमांक देते. ट्रक आणि ट्रेलरचे नोंदणी क्रमांक, चालकाची ओळख, मालाचे वर्णन, नगांची संख्या, वजन, पाठविणारा आणि घेणारा यांची नावे, कोणत्या नाक्यावर आणि किती वाजता पोहोचणार हे सारे तिने कळवायचे. दुसरा घटक आयातदाराचा क्लिअरिंग एजंट. तो त्याच मालाची शुल्कविषयक नोंद स्वतंत्रपणे दाखल करतो. तिसरा घटक खुद्द कस्टम्सचा संगणक. तो या दोन्ही नोंदी पाठवणीच्या क्रमांकावरून जुळवून पाहतो, पूर्वीच्या माहितीशी ताडतो आणि धोक्याचे मूल्यमापन करतो.

हे सारे जुळले, की ट्रक नाक्यावर पोहोचताच अधिकाऱ्याच्या पडद्यावर एकत्रित चित्र उमटते. हा ट्रक, हा चालक, हा माल, ही नोंद. अधिकारी चालकाकडे पाहतो, दोन प्रश्न विचारतो आणि पुढे जाऊ देतो किंवा बाजूच्या आवारात सखोल तपासणीसाठी पाठवितो. माहिती स्वीकारली गेल्याचा संदेश मिळाला, म्हणजे माल सुटला असे मात्र नव्हे. माल सोडण्याचा निर्णय शेवटी अधिकाऱ्याचाच असतो.

माहिती पाठविण्याचे दोन मार्ग ठेवण्यात आले. मोठ्या कंपन्यांनी आपला संगणक थेट सरकारी संगणकाशी ठरावीक नमुन्यातील संदेशांद्वारे जोडायचा. छोट्यांनी इंटरनेटवरील सरकारी पोर्टलवर जाऊन विनाशुल्क माहिती भरायची. हा दुसरा मार्ग नसता, तर एका ट्रकच्या मालकाला ही प्रणाली परवडलीच नसती.

चाचणीचा लांब रस्ता

ही प्रणाली एका रात्रीत आली नाही. अमेरिकेच्या कस्टम्स खात्याचा पूर्वीचा संगणकीय ढाचा १९८४ चा होता. १९९३ मध्ये नाफ्टाशी संबंधित कायद्यातच कस्टम्सच्या आधुनिकीकरणाचा भाग जोडण्यात आला. त्यातील एक तरतूद विशेष उल्लेखनीय आहे. नवी संगणकीय पद्धत सर्वांवर लादण्यापूर्वी स्वेच्छेने पुढे येणाऱ्या व्यापाऱ्यांसोबत तिची चाचणी घेण्याचा अधिकार खात्याला मिळाला. चाचणीची सूचना सरकारी राजपत्रात आधी प्रसिद्ध करायची, तीत भाग घेण्याच्या अटी सांगायच्या, लोकांच्या सूचना मागवायच्या आणि निष्कर्ष तपासायचे. चाचणीच्या काळापुरते काही प्रचलित नियम बाजूला ठेवण्याची मुभाही त्यात आहे. चाचणी हा संगणक विभागाचा खासगी मामला न राहता तिला कायद्याचे अधिष्ठान मिळाले.

पहिला नमुना प्रयोग १९९८ मध्ये टेक्सासमधील लारेडो आणि मिशिगनमधील डेट्रॉइट व पोर्ट ह्यूरन या तीन ठिकाणी सुरू झाला. त्यात प्रामुख्याने मोटार उद्योगातील मोठ्या आयातदारांचा सहभाग होता. मोठ्या कंपन्यांचा ठरावीक माल, ठरावीक मार्ग आणि ठरावीक वाहतूकदार यांच्या बाबतीत कल्पना चालते, एवढे त्यातून दिसले.

एप्रिल २००१ मध्ये ‘ऑटोमेटेड कमर्शिअल एन्व्हायर्नमेंट’ अर्थात ‘एसीई’ या मुख्य प्रकल्पाचे कंत्राट आयबीएमच्या नेतृत्वाखालील कंपन्यांच्या गटाला देण्यात आले. मार्च २००३ मध्ये कस्टम्स आणि सीमा सुरक्षेची कामे एकत्र करून ‘कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शन’ हे नवे खाते अस्तित्वात आले. सप्टेंबर २००४ मध्ये ट्रकच्या ई-मॅनिफेस्टच्या चाचणीची सूचना राजपत्रात प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वॉशिंग्टन राज्यातील ब्लेन येथे प्रत्यक्ष प्रयोगाला प्रारंभ झाला. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताला लागून असलेले हे ठाणे. डेट्रॉइटच्या पुलावर प्रयोग बिघडला असता, तर मोटार उद्योगाला थेट झळ बसली असती. ब्लेनला ट्रकची वर्दळ भरपूर असली, तरी इतका मोठा धोका नव्हता. पोहायला शिकताना आधी विहिरीत उतरावे, पुरात नव्हे, अशातला हा प्रकार.

वाहतूकदारांच्या बाजूनेही चाचणीची पायरी ठेवण्यात आली. ज्या कंपन्यांना आपला संगणक थेट जोडायचा होता, त्यांना आधी खात्याच्या चाचणी संगणकावर नमुन्याचे संदेश पाठवावे लागत. ते बिनचूक ठरले, की मगच खऱ्या प्रणालीत प्रवेश.

कागद जुळेना, मग ट्रक हलेना

संगणकतज्ज्ञाच्या टेबलावर प्रणाली बिनचूक चालते आणि नाक्यावर अडखळते, याचे कारण माणसांच्या व्यवहारात असते. चालकाला ऐन वेळी ताप येतो आणि दुसरा चालक निघतो. टायर फुटतो आणि माल दुसऱ्या ट्रकला जोडला जातो. वाहतूकदार ४० खोकी लिहितो आणि एजंट त्याच मालाचे दोन नग लिहितो, कारण त्याने लाकडी फळीवर रचलेला ढीग हा एक नग धरलेला असतो. पाठवणीच्या क्रमांकातील एक आकडा चुकतो. अशा वेळी दोन्ही नोंदी संगणकात असतात, पण एकमेकींना ओळखत नाहीत. दोघांचेही म्हणणे आपापल्या परीने खरे असते आणि ट्रक मात्र उभा असतो.

याचा पहिला फटका बसतो चालकाला. चूक झालेली असते कार्यालयात, पण नाक्यावरील प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात त्याला. म्हणूनच अशा प्रणालीत शेवटच्या क्षणी दुरुस्ती करण्याची सोय, ट्रक निघण्यापूर्वीच दोन्ही नोंदी जुळल्या की नाहीत हे कळण्याची सोय आणि यंत्रणा बंद पडली तर कागदावर काम चालविण्याची ठरलेली पद्धत, या तिन्ही गोष्टी अत्यावश्यक ठरतात. त्या नसतील, तर जुन्या रांगेची जागा केवळ नवी रांग घेते.

ऐच्छिक ते सक्तीचे

ऐच्छिक काळात प्रतिसाद अपेक्षेहून बराच कमी होता. त्यात नवल नाही. कागदाची जुनी वाट खुली असताना नवा खटाटोप कोण करणार? अखेर टप्प्याटप्प्याने सक्ती करण्यात आली. २५ जानेवारी २००७ पासून वॉशिंग्टन आणि ॲरिझोना राज्यांत तसेच नॉर्थ डकोटातील काही ठाण्यांवर. १९ एप्रिलपासून कॅलिफोर्निया, टेक्सास आणि न्यू मेक्सिकोत. २४ मेपासून मिशिगन आणि न्यूयॉर्कमध्ये. त्यानंतर उरलेली राज्ये. जमिनीवरील सर्व ९९ सीमा ठाण्यांना या पद्धतीखाली आणण्याचे काम असे पायरीपायरीने झाले.

हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. प्रत्येक टप्प्यापूर्वी राजपत्रात किमान ९० दिवसांची सूचना देण्यात आली. सक्ती लागू झाल्यानंतरही आरंभी नियम मोडणाऱ्यांना समज देण्यावर भर होता. दंडाचा बडगा नंतर आला. कायद्यात पहिल्या उल्लंघनासाठी ५,००० डॉलर आणि पुढील प्रत्येक उल्लंघनासाठी १०,००० डॉलर दंडाची तरतूद आहे. एका ट्रकच्या मालकाला ही रक्कम धंद्यातून उठवायला पुरेशी आहे. शिकण्यासाठी मिळालेली ही मुदत त्याच्यासाठी म्हणूनच महत्त्वाची होती.

कॅनडानेही उलट दिशेच्या ट्रकसाठी अशीच प्रणाली उभारली. तेथेही एक तास आधी माहिती देणे बंधनकारक आहे. तेथे २०१५ मध्ये सक्तीची अंमलबजावणी झाली आणि प्रत्यक्ष पैशांचा दंड २०१६ पासून सुरू झाला.

लेखापरीक्षकांचे ताशेरे

ट्रकचा भाग रुळावर आला, तरी संपूर्ण ‘एसीई’ प्रकल्पाची कहाणी तितकीशी सुखद नाही. अमेरिकी काँग्रेससाठी काम करणाऱ्या ‘गव्हर्नमेंट अकाउंटॅबिलिटी ऑफिस’ या लेखापरीक्षण संस्थेने आपल्या अहवालांत या प्रकल्पावर वारंवार टीका केली. एका टप्प्यातील गंभीर दोष दूर होण्यापूर्वीच तो पुढे सरकविला जातो, आधीच्या टप्प्याची चाचणी चालू असतानाच पुढच्याची उभारणी हाती घेतली जाते आणि मग तेच कुशल मनुष्यबळ दोन्हीकडे ओढले जाते, असा त्या टीकेचा आशय होता. वेळापत्रक सांभाळण्यासाठी चाचणीला कात्री लावली, की तोच वेळ पुढे दुरुस्तीत दामदुपटीने मोजावा लागतो.

२०१० च्या सुमारास नव्या भागांची उभारणी थांबविण्यात आली. २०१३ मध्ये कामाची पद्धत बदलून, छोटे छोटे भाग तयार करून ते लगेच वापरणाऱ्यांच्या हाती देण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. १९ फेब्रुवारी २०१४ रोजी अध्यक्ष बराक ओबामा यांनी काढलेल्या आदेशाने २०१६ च्या अखेरीपर्यंत आयात-निर्यातीच्या माहितीसाठी एकच खिडकी पूर्ण करण्याचे बंधन घातले. प्रकल्पाचे मुख्य भाग पूर्ण व्हायला प्रत्यक्षात २०१८ साल उजाडले. तोवर एकूण खर्च तीन अब्ज डॉलरच्या पुढे गेला होता.

आपल्याकडचा धडा

हा धडा आपल्यालाही परका नाही. राज्याराज्यांमधील मालवाहतुकीसाठी ई-वे बिलाची पद्धत १ फेब्रुवारी २०१८ रोजी देशभर एकदम सुरू करण्यात आली. पहिल्याच दिवशी यंत्रणा कोलमडली आणि सक्ती पुढे ढकलावी लागली. मग १ एप्रिल २०१८ पासून आधी आंतरराज्य वाहतूक आणि नंतर राज्यांतर्गत वाहतूक, अशी विभागणी झाली. महाराष्ट्रात राज्यांतर्गत ई-वे बिल २५ मे २०१८ पासून लागू झाले. टप्प्याटप्प्याने गेल्यावर तीच पद्धत रुळली. या बिलाचे दोन भाग आहेत, एक मालाचा आणि दुसरा वाहनाचा. वाटेत ट्रक बदलला, तर केवळ दुसरा भाग बदलता येतो. ब्लेनच्या नाक्यावर जी अडचण येते, तिचेच हे भारतीय उत्तर म्हणता येईल.

देशाच्या सीमेवर मात्र आणखी एक अडसर असतो, तो म्हणजे पलीकडच्या देशाचा संगणक. भारतीय कस्टम्सची स्वतःची प्रणाली आहे. नेपाळ आणि बांगलादेश मात्र संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेने विकसित केलेली ‘असिकुडा’ प्रणाली वापरतात. पश्चिम बंगालमधील पेट्रापोल येथून बांगलादेशातील बेनापोलला गेलेला भारतीय ट्रक तेथे माल उतरवून परततो. तोच माल, पण दोन्ही बाजूंना निरनिराळ्या नोंदी. नेपाळला आपल्या बंदरांतून जाणाऱ्या मालासाठी कंटेनरला इलेक्ट्रॉनिक सील लावून त्याचा मागोवा ठेवण्याच्या पद्धतीचे नियम २०१९ मध्ये करण्यात आले. वाटेत सील तोडले गेले, तर त्याची सूचना मिळते. त्यामुळे प्रत्येक ठाण्यावर पुन्हा पुन्हा तपासणीची गरज कमी होते.

प्रणाली कोणाचीही असो, ती घेताना विचारायचे प्रश्न तेच राहतात. ट्रक निघण्यापूर्वी चूक कळते काय? एका ट्रकच्या मालकाला ती विनाखर्च वापरता येते काय? यंत्रणा बंद पडली तर काय करायचे, हे नाक्यावरील अधिकाऱ्याला आणि चालकाला ठाऊक आहे काय? उद्घाटनाच्या तारखेआधी एखाद्या ठाण्यावर, खऱ्या ट्रक आणि खऱ्या चालकांसह, ही उत्तरे मिळविलेली असली, तर फीत कापल्यानंतर रांगा लागत नाहीत. नसली, तर तीच चाचणी नाक्यावर उभ्या असलेल्या चालकांच्या वेळेतून आणि व्यापाऱ्यांच्या पैशातून घेतली जाते.